घाटातल्या मस्तीला 'रेसिंग' म्हणू नका

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

दर पावसाळ्यात ताम्हिणीला नाहीतर लवासा रोडला एखादा पोरगा जिवानिशी जातो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात हेडिंग येतं, 'बाईक रेसिंगचा बळी'. वाचून पोटात कालवतं. मी पण चार वर्षं दर रविवारी पहाटे ताम्हिणीला जायचो, एकदा वळणावर समोरून एसटी आली आणि मित्राच्या पायात रॉड पडला, तेव्हा थांबलो. नंतर एका ट्रेनिंगसाठी चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर गेलो आणि कळलं की रेसिंग म्हणजे काय हे आपल्याला माहीतच नव्हतं.

३.७ किलोमीटरचा ट्रॅक, सगळे एकाच दिशेने, ना कुत्रं आडवं येतं ना ट्रक. गाडी आत न्यायच्या आधी आरसे आणि साइड स्टँड काढायचा, हेडलाइटच्या काचेला टेप मारायची, रेडिएटरमधलं कूलंट काढून साधं पाणी भरायचं कारण कूलंट सांडलं की डांबर निसरडं होतं, आणि इंजिन ऑइलच्या ड्रेन बोल्टला भोक पाडून तो तारेने बांधायचा. स्क्रूटिनीला, म्हणजे गाडीच्या तपासणीला, एक वयस्कर काका होते, त्यांनी गुडघ्यावर बसून टॉर्च मारला आणि मला परत पाठवलं. मी तार उलट्या बाजूने पिळली होती, बोल्ट सैल व्हायला लागला असता तर तार त्याला धरून ठेवायच्या ऐवजी ढिली पडली असती. एवढं बारीक बघतात हो!

दुपारी माझ्या पुढचा एकजण वळणावर घसरला. ट्रॅकच्या कडेला उभ्या मार्शलने धोक्याचा पिवळा झेंडा हलवला आणि मागच्या एकानेही ओव्हरटेक केलं नाही, सगळ्यांनी थ्रॉटल सोडला. लेदर सूट आणि बॅक प्रोटेक्टरमुळे तो स्वतः चालत पिटमध्ये, म्हणजे गाड्या थांबतात तिथे, आला. घाटात तोच पोरगा दरीत गेला असता.

पोरं मला विचारतात की सुरुवात कशी करायची. आधी ट्रॅक डे (ट्रॅकवर आपली गाडी चालवायला मिळते तो दिवस) किंवा ट्रेनिंग करा, सूट भाड्याने मिळतो का ते विचारा, मग मेडिकल करून एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्ट संघटनेचं, लायसन्स काढा. स्वतःची रेस बाईक पाहिजेच असं नाही, वन मेक रेसमध्ये कंपनी सगळ्यांना सारखी गाडी देते, टीव्हीएसची तर १९९४ पासून चालू आहे, सिलेक्शनला लॅप टाइम (एका फेरीची वेळ) काढायचा आणि आत जायचं. वेगापेक्षा आधी नजर कुठे ठेवायची आणि ब्रेक कुठे सोडायचा हे शिका, माझा टाइम पहिल्या सकाळी २ मिनिटं २० सेकंद होता, संध्याकाळी २ मिनिटं ९, आणि गाडी तीच.

पण पुण्याहून तिथे जायचं म्हणजे साडेअकराशे-बाराशे किलोमीटर. गाडीचा टेम्पो, टायर, दोन दिवसांची रजा, कारखान्यात काम करणाऱ्या पोराने हे कसं जमवायचं? ज्या केटीएमवर मी तिथे गेलो ती बनलीये चाकणला, माझ्या घरापासून अर्ध्या तासावर, आणि ती पळवायला आख्ख्या पुण्यात धड ट्रॅक नाही. रस्त्यावर रेस लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली पहिल्या वेळी ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे, ही शिक्षा २०१९ ला वाढवली, ती असावीच, माझी काही तक्रार नाही. पण मग पोरांनी जायचं कुठे ते पण सांगा ना. कोईमतूरचा करी ट्रॅक २.१ किलोमीटरचाच आहे आणि तिथे नॅशनलच्या रेस होतात. दीडशे-दोनशे सीसीच्या गाड्यांना तर त्याहून लहान पण चालेल, अॅम्ब्युलन्स आणि मार्शल मात्र पाहिजेत.

एमआयडीसीने आणि इथल्या गाडी कंपन्यांनी मिळून जागा बघावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. आणि तुम्हाला एक विनंती, पुढची बातमी छापताना 'घाटात बेदरकार गाडी चालवताना' असं लिहा, आणि जमलं तर त्याच पानावर ट्रॅकवर जायचं कसं हे पण चार ओळीत द्या.

आपला,
एक वाचक, चिंचवड