जुन्या गाडीचा प्लग आकड्यावरून निवडू नका

संपादक महोदय,
जुन्या मोटारींच्या देखभालीवरील लेखात स्पार्क प्लगबद्दल ‘प्लग काळा पडत असेल तर एक आकडा वरचा घ्यावा’ असा सल्ला दिला आहे. तो अर्धवट आहे. एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये आकडा वाढला की प्लग ‘थंड’ होतो, म्हणजे उष्णता लवकर सोडतो; चॅम्पियन आणि बॉश कंपन्यांत ‘गरम’, म्हणजे उष्णता धरून ठेवणारा. गरम टोकावरची काजळी जळून जाते, थंडावर साचते. म्हणजे एनजीकेचा बीपी६ईएस काढून बीपी७ईएस घातला तर काजळी कमी व्हायची सोडून वाढेल. आणि चॅम्पियनच्या एन९वायसीच्या जागी साधारणपणे हाच बीपी६ईएस चालतो. नुसता ‘नऊ नंबर’ मागून एनजीकेचा घेतला, तर हाती शर्यतीच्या इंजिनाला शोभेल इतका थंड प्लग येईल.

मुळात आकडा नंतर. आधी आट्यांची लांबी पाहावी. बीपी६ईएसमधला ‘बी’ म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे आणि ‘ई’ म्हणजे १९ मिलिमीटर लांबी. त्या जागी ‘एच’ असेल तर लांबी १२.७ मिलिमीटर. दोन्ही एकाच पान्याने, त्याच भोकात बसतात, म्हणूनच घोटाळा होतो. आखूड आट्यांच्या हेडमध्ये (सिलिंडरच्या वरच्या झाकणात) लांब प्लग गेला की पिस्टन किंवा व्हॉल्व्ह त्याच्यावर आदळू शकतो. नाही आदळला तरी बाहेर आलेल्या आट्यांवर कार्बन चढतो आणि प्लग काढताना हेडचे आटे सोबत येतात. उलट आखूड प्लग घातला तर हेडचे उघडे आटे कार्बनने भरतात. ‘पी’ म्हणजे टोक पुढे आलेले. जुन्या साइड व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेल्या) इंजिनात तेवढी जागा आहे का, हे तपासल्याशिवाय तो घेऊ नये. वायसरवर बसणारा प्लग आणि निमुळत्या बैठकीचा प्लगही एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

आता काजळी. कोरडी, मखमली काजळी म्हणजे बहुधा पेट्रोल जास्त जाते आहे: चोक पूर्ण उघडत नाही किंवा कार्बोरेटरचा फ्लोट वर आहे. ओला, तेलकट प्लग रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइडकडे बोट दाखवतो. ही दुखणी तशीच ठेवून गरम प्लग घातला तर लांब चढावर तो लालबुंद होऊन ठिणगीआधीच मिश्रण पेटवतो आणि पिस्टनला भोक पडायची वेळ येते. पांढराफटक, फोड आलेला प्लग दिसला तर ठिणगीचे टायमिंग आणि मिश्रण आधी पाहावे.

पॉइंटवाल्या (उघडझाप होणाऱ्या संपर्कांवर चालणाऱ्या) इग्निशनला गॅप, म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधले अंतर, साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर लागते. अंतिम शब्द गाडीच्या पुस्तिकेचा. खोक्यातून आलेली गॅप बरोबर असेलच असे नाही. फीलर गेजने मोजून फक्त बाहेरचा इलेक्ट्रोड वाकवावा. मधल्यावर जोर दिला तर चिनी माती तडकते आणि इंजिन नेमके भार आल्यावर मिस होते. ‘आर’वाला, म्हणजे रेझिस्टरचा (रेडिओतली खरखर कमी करणारा) प्लग चालतो; पण टोपी आणि वायरी आधीच रेझिस्टरच्या असतील तर साधाच घ्यावा. इरिडियमच्या टोकाच्या प्लगचा मोह मला तरी अशा इंजिनासाठी अनाठायी वाटतो.

ॲल्युमिनियमच्या हेडचे प्लग इंजिन थंड असतानाच काढावेत. नवा प्लग बैठकीला टेकेपर्यंत हातानेच फिरवावा. मग पान्याने, नवे वायसर असल्यास अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. निमुळत्या बैठकीला एक सोळांश फेरा पुरतो.

— एक वाचक