आधी पान बघ, मग खत घाल

सातारा

प्रिय सुधीर,

तुझ्या पिवळ्या पडलेल्या जास्वंदीचा फोटो मिळाला. फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस, म्हणून सरळ लिहितोच. युरियाचं पोतं फोडू नकोस! तुमच्या सांगलीत ऊस पिवळा दिसला की युरिया, तोच नियम तू बागेला लावतोयस.

जास्वंदीचा फोटो मोठा करून बघ. शेंड्याची कोवळी पानं पिवळी, पण शिरा हिरव्यागार, जाळीसारख्या उठून दिसणाऱ्या. खालची जून पानं मात्र ठणठणीत. युरियातून मिळतं ते नत्र कमी पडलं असतं तर उलटं दिसलं असतं. नत्र अपुरं पडलं की झाड जुन्या पानांतलं काढून नव्यांना देतं, त्यामुळे आधी खालची पानं पिवळी पडतात. लोह तसं हलत नाही, म्हणून शेंडा उपाशी राहतो. काळ्या मातीत लोह असतंही, पण चुनखडी जास्त असली की मुळांना ते मिळत नाही. चिमूटभर कोरड्या मातीवर व्हिनेगरचे थेंब टाक. फसफसलं तर चुनखडी आहे म्हणून समज.

हिराकस, म्हणजे लोहाचं खत (फेरस सल्फेट), आण. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम, त्यात थोडं लिंबू पिळ आणि ऊन उतरल्यावर पानांवर फवार. पंधरवड्यानं पुन्हा. नुसता मातीत टाकलास तर तोही चुनखडीत अडकेल. घालायचाच तर कुजलेल्या शेणखतात मिसळून घाल. आणि फरशीवर सांडू देऊ नकोस. तांबडे डाग पडतील, ते काही जात नाहीत, आणि मग वहिनी मला बोलतील.

लॉनला मात्र युरिया चालतो, पण बेतानं: गुंठ्याला किलोभर, तोही पावसाळ्यात गवत जोमानं वाढत असताना. पानं कोरडी असताना फेक आणि लगेच पाणी दे. ओल्या पानावर दाणा चिकटला की तिथं करपलंच. जमिनीवर तसाच पडून राहिला तर नत्र अमोनिया होऊन हवेत जातं, तुमच्या चुनखडीच्या जमिनीत तर जास्तच. कापलेलं गवत उचलू नकोस, बारीक असेल तर तिथंच कुजू दे. थंडीत लॉनची हरळी झोपते, म्हणजे तिची वाढ थांबते, तेव्हा खत नको.

आंब्याच्या बुंध्याशी खताचा ढीग घालतोस, ते आधी थांबव. अन्न घेणारी बारीक मुळं फांद्यांच्या घेराखाली असतात, तिथं गोल चर काढ. फळं उतरली की पाऊस सुरू होताना शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड दे. दिवाळीनंतर मोठ्या झाडाला नत्र नको, नाहीतर मोहोराऐवजी पालवीच फुटेल.

बोअरचं पाणी रोज दोन वेळा सोडतोस म्हणालास. मातीवर क्षारांची पांढरी खपली दिसते का, तेवढं कळव. दिसत असेल तर खताचा विषय बाजूला ठेव, आधी पाणी आणि माती तपासून घे. कृष्णाकाठची कितीतरी चांगली शेतं जादा पाण्यानंच क्षारपड झालीत, हे तुला मी काय सांगावं.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विलास