सायली, सराव परीक्षेचे पेपर पाहिले

चि. सायलीस,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले दहावीच्या सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे फोटो नीट पाहिले. बीजगणितात ४० पैकी २६ बघून तू खट्टू झालीस, असं आजी म्हणाली. म्हणून आधी त्या गेलेल्या १४ गुणांचा हिशोब मांडला. फक्त ३ गुण तुला न आलेल्या प्रश्नाचे आहेत. ४ गुण वेळ संपल्यामुळे राहिलेल्या उदाहरणाचे. उरलेले ७ येत असूनही लिहिताना गेले. गणित तुला येतं, बाळा. आता कागदावर लिहिण्याचा सराव हवा.

वर्गसमीकरणाचंच बघ. दोन एक्स वर्ग वजा सात एक्स अधिक तीन बरोबर शून्य. ए एक्स वर्ग अधिक बी एक्स अधिक सी याच्याशी तुलना करताना तू बी बरोबर ७ लिहिलंस, वजा ७ नाही. बी वर्ग दोन्हीकडे ४९च येतो, त्यामुळे विवेचक, म्हणजे बी वर्ग वजा चार ए सी, २५ बरोबर आला आणि चूक लपून राहिली. पुढे सूत्रात वजा बी ठेवताना चिन्ह फिरलं, आणि मुळं ३ व अर्धा यांऐवजी वजा ३ व वजा अर्धा आली. ३ ही किंमत मूळ समीकरणात घालून बघ: १८ वजा २१ अधिक ३, शून्य. वजा ३ घातलं असतंस तर १८ अधिक २१ अधिक ३, म्हणजे ४२ आले असते आणि चूक लगेच कळली असती. हा पडताळा दहा सेकंदांचा आहे, उजवीकडे कच्च्या कामात करत जा.

विज्ञान भाग १ मध्येही चिन्हानेच घात केला. बहिर्वक्र भिंग, नाभीय अंतर २० सेमी, वस्तू ३० सेमीवर. वस्तू भिंगाच्या डावीकडे, म्हणून यू, म्हणजे वस्तूचं अंतर, वजा ३० घ्यायचा. तू अधिक घेतलास आणि प्रतिमा ६० ऐवजी १२ सेमीवर आली. उदाहरणाला हात घालण्याआधी ‘दिलेले’ असं लिहून प्रत्येक राशी चिन्हासकट आणि एककासकट मांड. नंतरची आकडेमोड चुकली तरी सूत्राचे आणि किमती ठेवल्याचे गुण हाती राहतात. पायऱ्या गाळल्यास तर तपासणाऱ्याला द्यायला काही उरत नाही.

यासाठी एक चुकांची वही कर. पानाच्या डावीकडे उदाहरण, मध्ये नेमकी कुठली पायरी का चुकली ते, उजवीकडे बरोबर पायरी. ‘घाईत चुकलं’ असं मोघम लिहू नकोस, ‘बीचं चिन्ह सोडलं’ असं लिही. तीन दिवसांनी उजवी बाजू झाकून तेच उदाहरण पुन्हा सोडव, मग दहा दिवसांनी परत.

आता धड्यांच्या वाचनाबद्दल. तू धडा चार-चारदा वाचतेस, रंगीत पेनांनी ओळी आखतेस. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, आणि पेपरात मात्र आठवत नाही. यावर रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रयोग केला होता. पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणाऱ्यांना जास्त आठवलं. म्हणून धडा एकदा लक्ष देऊन वाच, पुस्तक मीट आणि कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिही. धातुविज्ञानात बॉक्साइटपासून ॲल्युमिनिअमपर्यंतचे टप्पे क्रमाने येतात का? क्रायोलाइट का मिसळतात, हे एका वाक्यात सांगता येतं का? जे सुटलं तेवढंच पुस्तकातून भर, वेगळ्या रंगाने. दुसऱ्या वेळी त्या रंगाकडेच लक्ष दे. पहिल्या दिवशी निम्मंही आठवत नाही, त्याने घाबरू नकोस. मेंदूला ताण पडतो तोच खरा अभ्यास.

वेळेचं गणितही मांडू. गणित, विज्ञान, इतिहास-राज्यशास्त्र आणि भूगोल यांचे पेपर ४० गुणांचे, दोन तासांचे. गुणाला तीन मिनिटं. २०२३ पासून शेवटी दहा मिनिटं जादा मिळतात, ती तपासण्यासाठी राखून ठेव. गणितात पहिल्या प्रश्नाचे ८ गुण पंधरा मिनिटांत व्हायला हवेत, तिथे वाचलेली मिनिटं चौथ्या प्रश्नाला लागतात. बहुपर्यायी प्रश्नाचा पहिला प्रयत्नच धरतात, तेव्हा आधी मनात ठरव, मग पर्यायाच्या अक्षरासकट लिही. ‘कोणतेही दोन’ म्हटलं की आधी सगळे वाच आणि सोपे दोन निवड. दोन मिनिटं विचार करूनही सुरुवात सुचत नसेल तर जागा सोडून पुढे जा.

भूमितीच्या रचनेत आधी कच्ची आकृती काढ आणि मापं तिच्यावरच लिही. पेन्सिलीचं टोक बारीक हवं, जाड रेषेने मिलिमीटरचा फरक पडतो. कंपासाचा स्क्रू सैल असला की कंस काढता काढता त्रिज्या बदलते, आजच तपासून घे. आणि कंस खोडू नकोस! आकृती सुबक दिसावी म्हणून तू ते पुसलेस, पण रचना केल्याचा पुरावा तेच आहेत.

भूगोलाच्या नकाशाला सूची आणि शीर्षक द्यायला विसरू नकोस. भारत आणि ब्राझील दोन्हींच्या कोऱ्या नकाशांवर आठवड्यातून एकदा सराव पुरे.

परीक्षेच्या आदल्या रात्री नवीन काही उघडायचं नाही, फक्त चुकांची वही, आणि साडेदहाला झोप. जागून वाचलेलं डोक्यात टिकत नाही, उलट पाठ असलेलंही आठवेनासं होतं.

येत्या रविवारी बीजगणिताचा पूर्ण पेपर सकाळी ११ ला बसूनच सोडव, बोर्डाची तीच वेळ आहे. फोन आजीकडे दे, घड्याळ समोर ठेव, मध्ये उठू नकोस. उत्तरपत्रिकेचे फोटो खाडाखोडीसकट पाठव. मला कच्चं कामही बघायचं आहे.

तुझा,
बाबा