बाबांचे ५९ सेकंद

सप्रेम नमस्कार,

तुमचं नाव मला माहीत नाही, कारण प्रश्नांखाली तुम्ही ते कधीच लिहीत नाही. पण गेली दोन वर्षं तुमच्या दिनविशेषाच्या प्रश्नमंजूषेतले पाच प्रश्न रोज सकाळी आमच्याकडे येतात. त्यांनी आमच्या घरात काय केलं, ते तुम्हाला कळायलाच हवं, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

‘आमच्याकडे’ म्हणजे माझ्याकडे आणि बाबांकडे. आम्ही वेगवेगळ्या गावी राहतो. आई गेल्यावर आमचे फोन दोन मिनिटांत आटपायला लागले होते. तब्येत, औषधं, ‘बरं, ठेवतो’. इतकी वर्षं आमच्यातलं बोलणं आईच चालवत होती, हे तेव्हा लक्षात आलं. अशाच एका १७ डिसेंबरला, काहीतरी बोलायचं म्हणून, मी तुमचा प्रश्न वाचून दाखवला: १९०३ साली आजच्या दिवशी राइट बंधूंचं विमान पहिल्यांदा उडालं, ते किती सेकंद हवेत होतं?

बाबा ताडकन म्हणाले, ‘एकोणसाठ.’ उत्तर होतं १२. बाबा ऐकेनात. मग मी उत्तराखालची तुमची टीप वाचली. त्या दिवशी एकूण चार उड्डाणं झाली. पहिलं १२ सेकंदांचं, १२० फुटांचं. चौथं ५९ सेकंदांचं आणि ८५२ फुटांचं. म्हणजे बाबांचे ५९ सेकंद खरेच होते, फक्त उड्डाण वेगळं होतं. बाबांच्या आवाजातली खुशी मी कितीतरी महिन्यांनी ऐकली. त्या दिवशी आम्ही चाळीस मिनिटं बोललो.

तुमचे सगळ्यात जास्त आभार त्या टिपांसाठी. नुसतं ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ सांगून मोकळं होणं सोपं असतं. तुम्ही मात्र चुकीचं उत्तर लोकांच्या डोक्यात कुठून येतं, याचाही माग काढता. पर्यायांमधलं एकही उत्तर तुम्ही जागा भरायला टाकलेलं नसतं. शाळेत इतिहास म्हणजे सनावळ्या, आणि सनावळ्या म्हणजे पाठांतर, इतकंच मला ठाऊक होतं. तारखेच्या पोटात एवढं काही असतं, हे मला तुमच्यामुळे कळलं. चंद्रावर माणूस उतरल्याचा दिवस २० जुलै १९६९ हे सगळ्यांना पाठ असतं. पण आर्मस्ट्राँगचं पाऊल चंद्रावर पडलं तेव्हा अमेरिकेत २० तारखेची रात्र होती आणि भारतात २१ ची सकाळ उजाडली होती. तुम्ही दोन्ही उत्तरं ग्राह्य धरलीत आणि का, तेही लिहिलंत.

आणि तो गॅलिलिओचा प्रश्न! ८ जानेवारी, गॅलिलिओची पुण्यतिथी. ‘ज्या वर्षी गॅलिलिओ गेला, त्याच वर्षी कोणता शास्त्रज्ञ जन्मला?’ उत्तर दिलं होतं न्यूटन, १६४२. दुसऱ्या दिवशी पहिल्या प्रश्नाच्याही आधी तुम्ही लिहिलंत: कालचा प्रश्न चुकला. न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२ चा, पण तो इंग्लंडच्या जुन्या, ज्युलियन कॅलेंडरनुसार. गॅलिलिओच्या इटलीत १५८२ सालीच नवं ग्रेगोरियन कॅलेंडर आलं होतं. तिथे ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी थेट १५ ऑक्टोबर उजाडला होता. इंग्लंडने तो बदल १७५२ मध्ये केला. इटलीतल्या कॅलेंडरने मोजलं तर न्यूटन ४ जानेवारी १६४३ चा. दोन देशांची दोन कॅलेंडरं एकत्र केली, तरच ते वर्ष एक होतं.

ती चूक कोणाच्या लक्षातही आली नसती. निदान आमच्या तरी आली नव्हती. बाबांनी आयुष्यभर हिशेब तपासण्याचं काम केलं. ते म्हणाले, ‘स्वतःची चूक स्वतःहून पहिल्या ओळीत लिहिणारा माणूस मी नोकरीत फार कमी वेळा पाहिला.’ त्या दिवसापासून ते तुम्हाला ‘आपले सर’ म्हणतात. तुम्ही सर आहात की मॅडम, हे आम्हाला माहीत नाही, त्याबद्दल क्षमा असावी.

आता आमच्या फोनची वेळ ठरलेली आहे. उत्तरं आधी बघायची नाहीत असा नियम आहे. राजे, लढाया, तह हे बाबांचं खातं; शोध आणि अवकाश माझं. खेळांच्या प्रश्नांना दोघंही अंदाज ठोकतो. प्रश्न संपले तरी फोन चालू राहतो, आणि मग कधी कधी आईचा विषयही निघतो. पूर्वी तो आम्ही दोघंही टाळायचो.

बाबांचा एक निरोप आहे. कॅलेंडर बदलण्याच्या गोंधळात स्वीडनमध्ये १७१२ साली फेब्रुवारी ३० दिवसांचा झाला होता, हे त्यांनी कुठेतरी वाचलं आहे. त्यावर तुम्ही प्रश्न काढावा अशी त्यांची फार इच्छा आहे. फक्त तो विचारायचा कोणत्या तारखेला, यावर आमचं दोघांचं अजून एकमत झालेलं नाही. ते तुम्हीच ठरवा.

तुमची,
रोज पाचही प्रश्न सोडवणारी एक मुलगी, आणि तिचे बाबा