मोवर इतक्यात गॅरेजमध्ये ठेवू नकोस

चेरी हिल, न्यू जर्सी
२५ सप्टेंबर

प्रिय मित्रा,

लॉनचे फोटो मिळाले. व्हॉट्सॲपवर दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. गारवा आला, आता गवत काही वाढत नाही, असं समजून तू गवत कापायचा मोवर पुसून गॅरेजमध्ये ठेवायच्या बेतात आहेस. तसं अजिबात करू नकोस. इथल्या लॉनचे खरे कामाचे दिवस आत्ता सुरू झालेत.

टेक्सासात ह्यूस्टनला तू इतकी वर्षं सांभाळलंस ते सेंट ऑगस्टीन गवत. उन्हाळ्यात फोफावायचं आणि थंडी पडली की निपचित पडायचं, हा त्याचा स्वभाव. महाराष्ट्रातल्या हरळीचंही तेच. इथे न्यू जर्सीत हिल्सबरोला तुझ्या दारात मात्र केंटकी ब्लूग्रास, टॉल फेस्क्यू आणि रायग्रास यांची सरमिसळ असणार, कारण आपल्या भागात बहुतेक घरांपुढे तेच असतं. ही थंड हवेची गवतं. साधारण १५ ते २४ अंश सेल्सिअस तापमान त्यांना मानवतं. जुलै-ऑगस्टचा उकाडा ती नुसती तग धरून काढतात. सप्टेंबरात रात्री गार झाल्या की त्यांना नवे फुटवे येतात. जमिनीत अजून ऊब असते आणि क्रॅबग्रास हे तण पहिल्या कडक थंडीत मरणारच असतं. पुढे नोव्हेंबरात पात वाढायची थांबली तरी जमीन गोठेपर्यंत मुळं वाढतच राहतात. पुढच्या जुलैत तुझं लॉन हिरवं राहणार की करपणार, ते या मुळांवर ठरतं. एप्रिलमध्ये सगळी गल्ली खताची पोती घेऊन बाहेर पडते ते मी दरवर्षी बघतो आणि हळहळतो. वर्षातून एकदाच राबायचं असेल, तर माणसानं शरदात राबावं.

आता कापणीचं. गवत वाढतंय तोवर कापत राहा. बंद कधी करायचं ते गवतच सांगेल. इथे ते बहुधा नोव्हेंबरात होतं. उंची तीन ते साडेतीन इंच ठेव. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त पात कापायची नाही. म्हणजे गवत साडेचार इंचांवर गेलं असेल तर तीनवर आण, एकदम दोनवर नको. पान हेच त्याचं अन्न तयार करायचं साधन आहे. ते फार छाटलंस तर मुळांना काही पोचत नाही. शेवटच्या कापणीला मात्र अडीच इंचांपर्यंत खाली जायला हरकत नाही. लांब गवत बर्फाखाली आडवं पडून राहिलं की त्यात बुरशी धरते, आणि मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर गोल राखाडी किंवा गुलाबी चट्टे दिसतात. तिला इथे स्नो मोल्ड म्हणतात. आणखी एक, सकाळी गवतावर पांढरं हिम गोठलेलं असेल तर त्यावरून चालायचं नाही. गोठलेली पात पायाखाली मोडते आणि पावलांचे तपकिरी ठसे कितीतरी दिवस तसेच राहतात.

मोवरच्या पात्याला धार लावून घे. लावायची की नाही ते कसं ओळखायचं सांगतो. कापल्यानंतर एक-दोन दिवसांनी गुडघ्यावर बस आणि एक पात बोटांत धरून तिचं टोक जवळून बघ. धारदार पात्यानं कापलेलं टोक सरळ आणि स्वच्छ असतं. बोथट पातं गवत कापत नाही, ओरबाडतं. मग टोकाला पांढरट दोरे लोंबतात, ते वाळतात, आणि लांबून सगळं लॉन विटलेलं दिसतं. तुझ्या दुसऱ्या फोटोत मला हाच रंग दिसतोय. लोक त्याला पाणी कमी पडलं म्हणतात आणि स्प्रिंकलर वाढवतात.

पाचोळ्याबद्दल तू विचारलंस. तुझ्याकडे मेपल आहे, मागच्या कुंपणाला ओक आहेत. मेपल आधी झडेल, ओक नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपर्यंत रेंगाळेल. पानं पिशव्यांत भरून टाकू नकोस. मोवरला पानांचा चुरा करणारं मल्चिंगचं पातं लाव आणि पानं कोरडी असताना त्यांच्यावरून फिरव, जाड थर असेल तर दोनदा. चुरा गवताच्या बुडाशी उतरतो, गांडुळं त्याचं काय ते करतात. चुऱ्यातून गवत दिसत राहिलं पाहिजे, एवढंच बघ. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत यावर वर्षानुवर्षं प्रयोग झालेत. लॉनला अपाय तर झाला नाहीच, मेपलच्या चुऱ्यानं डँडेलायन हे तण कमी झालेलं आढळलं. ओकच्या पानांनी जमीन आंबट होते हा समज इथे घट्ट बसलाय, पण चुरा करून टाकलास तर काळजीचं कारण नाही. न चुरलेला ओला पाचोळा मात्र साठू देऊ नकोस. खालचं गवत गुदमरतं.

मेपलखाली विरळ झालंय तिथे बी पेरायचं असेल तर याच आठवड्यात उरक. रायग्रास पाच-दहा दिवसांत उगवतं, फेस्क्यूला एक-दोन आठवडे लागतात, ब्लूग्रासला दोन ते चार. म्हणून ब्लूग्राससाठी उशीर झालाय. सावलीचा विचार करता तुला फेस्क्यूच बरं. आधी जमिनीत भोकं पाडणारं यंत्र, एरेटर, भाड्यानं आण. पाऊस पडून गेल्यावर वाफसा आला की फिरव. मातीच्या बारक्या लेंड्या वर येतील, त्या गोळा करायच्या नाहीत, आपोआप विरघळतात. मग बी टाकून दाताळ्यानं हलकं ओढ, म्हणजे ते मातीला भिडेल. उगवेपर्यंत वरचा थर ओलसर राहायला हवा, थोडं थोडं पाणी दिवसातून दोनदा.

बी घेताना पिशवीवरचा तक्ता वाच. तणांच्या बियांचं प्रमाण, तपासणीची तारीख, सगळं त्यावर असतं. आणि ‘एंडोफाइट’ लिहिलेलं असेल तर तेच घे. ही गवताच्या आत राहणारी एक उपकारक बुरशी, जिच्यामुळे पात खाणारे कितीतरी किडे गवताला तोंड लावत नाहीत. बी जुनं झालं की ती मरते, म्हणून स्वस्तात मिळालेलं जुनं बी नको. लॉनचं बी सुधारायच्या कामात न्यू जर्सीच्या आपल्या रटगर्स विद्यापीठाचा मोठा वाटा आहे, याचा मला फार अभिमान वाटतो. सी. रीड फंक नावाचे प्राध्यापक तिथे होते. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या जुन्या हिरवळीतून रोपं निवडून त्यांनी ‘मॅनहॅटन’ हे रायग्रासचं वाण तयार केलं, १९६७ साली ते बाजारात आलं. त्याआधी रायग्रासला चांगल्या लॉनमध्ये कोणी फारसं विचारत नव्हतं.

आता तुझ्या तिसऱ्या फोटोतला तो तपकिरी पट्टा. तो मला नीट वाटत नाही. त्याच्या कडेचं गवत मुठीत धरून ओढ. सतरंजी गुंडाळावी तसं ते उचलून आलं, तर खाली मुळं उरलेली नाहीत. मग एक फूट लांबरुंद चौकोन सुरीनं कापून दोन-तीन इंच माती उकर. इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या पांढऱ्या अळ्या दिसतील त्या मोज. आपल्या कोल्हापूर-सांगलीकडे उसात लागते ना हुमणी, तिचीच ही जातभाई, जॅपनीज बीटलची अळी. अमेरिकेत हा भुंगा पहिल्यांदा सापडला तो १९१६ साली, माझ्या घरापासून जवळच असलेल्या रिव्हरटन गावात. चौरस फुटात दोन-चार अळ्या असतील तर जोमदार लॉन सोसतं. दहाच्या वर गेल्या तर उपाय करायला हवा. पण आता अळ्या मोठ्या झाल्यात, मोठी अळी औषधाला सहजासहजी दाद देत नाही. प्रतिबंधाचं औषध जून-जुलैत टाकायचं असतं. रात्रीतून कोणी लॉन उकरून ठेवलेलं दिसलं, तर तो रॅकून किंवा स्कंक, रात्री फिरणारे इथले छोटे रानटी प्राणी. तोही अळ्यांसाठीच आलेला असतो.

खताबद्दल मात्र मी जरा आग्रहानं सांगणार आहे. टेक्सासमधल्या सवयीनं हात सैल सोडू नकोस. न्यू जर्सीत २०११ साली खताचा कायदा झाला. घरमालकानं १५ नोव्हेंबर ते १ मार्च लॉनला खत घालायचं नाही. मातीची तपासणी केल्याशिवाय फॉस्फरस नाही. एका वेळी हजार चौरस फुटांना ०.९ पौंडांहून जास्त नायट्रोजन नाही. म्हणजे पोत्यावर पहिला, नायट्रोजनच्या टक्क्यांचा, आकडा २० असेल, तर हजार चौरस फुटांना साडेचार पौंड खत, बस्स. बार्नेगाट उपसागरात खतं वाहून जाऊन शेवाळ माजलं, पाण्यातला प्राणवायू घटला, त्यातून हा कायदा आला. काहींना तो जाच वाटतो, मला तो अगदी रास्त वाटतो. तुझ्या गल्लीतल्या गटारात पडलेला खताचा दाणा कुठल्याही शुद्धीकरणाशिवाय ओढ्यात आणि पुढे रॅरिटन नदीत जातो, आणि त्या नदीचं पाणी किती घरांत प्यायलं जातं! ड्राइव्हवेवर सांडलेलं खत झाडून परत लॉनवर टाक, पाण्यानं धुऊ नकोस. मुळं जोमात आहेत तोवर, म्हणजे याच महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला, खताचा एक हात दे आणि थांब.

शेवटची कापणी झाली की मोवरच्या टाकीतलं पेट्रोल संपव किंवा त्यात पेट्रोल खराब होऊ न देणारं स्टॅबिलायझर घाल, नाहीतर पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे कार्बोरेटर चोंदतो. स्प्रिंकलरच्या पाइपांतलं पाणी गोठायच्या आत कंप्रेसरनं काढून घे.

चुना टाकू का, हे तू विचारलंस, त्याचं उत्तर मी आत्ता देणार नाही. इथली माती बरेचदा आंबट असते, पण तुझी आहे का, ते तपासल्याशिवाय कळायचं नाही. रटगर्सच्या प्रयोगशाळेत माती तपासून मिळते. लॉनच्या दहा-बारा जागांवरून थोडी थोडी माती घे, बादलीत एकत्र कालव आणि त्यातली पाठव. रिपोर्ट आला की फोटो टाक, मग फोनवर बोलू. आणि त्या पट्ट्यात अळ्या किती निघाल्या ते आजच संध्याकाळी कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
जुना दोस्त