माय, एमए इंग्लिश सोडू नको

माय,

काल तू फोनवर म्हणलीस, आण्णा, एमए इंग्लिश सोडून काहीतरी कामाचं करू का. मी मोंढ्यात होतो, सोयाबीनचं माप चालू होतं, नीट बोलता आलं नाही म्हणून आता रात्री टाइप करायलोय.

आत्या म्हणते ते खोटं नाही, प्राध्यापकीची सेट-नेट परीक्षा पास झालेली पोरं कॉलेजात तासिकांवर, तासाच्या पैशावर राबायलेत. मलाबी काळजी वाटते. पण तलावात गेलेल्या जमिनीच्या मावेजाची, म्हणजे भरपाईची केस आठव. हायकोर्टाच्या खंडपीठाची ऑर्डर आली, सहा पानं, सगळं इंग्लिश. मला त्यात फक्त माझं नाव अन् गट नंबर कळाला. शेवटी लिहिलं होतं डिस्पोज्ड ऑफ. तालुक्यातल्या एका शिकलेल्या माणसाला दाखवलं तर तो म्हणला, निकाली काढली, गेली केस. वकिलाचा फोन लागेना. तुझी आई दोन दिवस जेवली नाही, कागद ट्रंकेत गेला.

दिवाळीत तू ती ऑर्डर काढून ओसरीवर डिक्शनरी घेऊन बसलीस, पेन्सिलनं एकेक ओळ खुणावत. अन् म्हणलीस, आण्णा, डिसमिस्ड, म्हणजे फेटाळली, असं नाही म्हणलेलं, वरच्या परिच्छेदात बघा, चार आठवड्यात नवा अर्ज द्या अन् ऑफिसनं बारा आठवड्यात निर्णय घ्यावा असंय. चार आठवडे तर कधीच उलटून गेले होते, दीड वर्ष गेलं आपलं एका शब्दापायी. हायकोर्टाचं काम घटनेच्या ३४८ कलमानं इंग्लिशमध्येच चालतं, हे मला वकिलांनी नंतर सांगितलं.

फाडफाड बोलायला काय, क्लासवालेबी शिकवतात. तुला आलं ते वेगळंय. बीएला असताना चौदा ओळींची कविता सर चार दिवस शिकवायले म्हणून तू किती वैतागली होतीस, पण एका शब्दावर थांबून हा इथं का आला हे बघायची सवय तुला तिथंच लागली असं मला तरी वाटतं. म्हणून सांगतो, गाइडवर पास होऊ नको, मूळ पुस्तक वाच, पुस्तकाला पैसे लागले तर लाजू नको, सांग.

अन् मराठी सुटंल म्हणणाऱ्याला सांग, तुझ्याच विद्यापीठात भालचंद्र नेमाडे इंग्लिश शिकवायचे अन् लिहायचे मराठीत, २०१४ चं ज्ञानपीठ भेटलं त्यांना. विंदा करंदीकरबी इंग्लिशचेच प्राध्यापक.

तुझे आजोबा निजामाच्या राज्यात उर्दूत चौथी शिकले. १९४८ नंतरबी कितीतरी वर्षं लोक जुने उर्दू कागद घेऊन आपल्या ओसरीवर यायचे, आजोबा वाचून दाखवायचे, कोणाकडून रुपया घेतला नाही.

परवा शेजारचे काका विम्याचा कागद घेऊन आले होते, म्हणले पोरगी कधी येणार. मी शनिवार सांगितलाय. अन् ऑर्डरमधला तो परिच्छेद मराठीत लिहून आण, सोमवारी ऑफिसला जायचंय.

तुझा आण्णा