वजीर गेला तरी डाव जिंकतो तो कसा

कोथरूड, पुणे

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, एप्रिल २०२५ मध्ये इथे पुण्यात बुद्धिबळाची महिला ग्रां प्री स्पर्धा कोनेरू हम्पीने जिंकली आणि जुलैत जॉर्जियातल्या बाटुमीला नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुखने तिलाच हरवून विश्वचषक घेतला. त्यावर तुम्ही म्हणालात, "ही पोरं संगणकाने घडवलेली." संगणकाचा हात आहेच, पण लहान वयात मोठ्याला हरवण्याचं मूळ त्याच्याही आधीचं आहे. म्हणून तुमच्या नातीला शिकवायला १९५६ चा एक डाव पाठवतोय, आणि सोबत अप्पा बळवंत चौकातून घेतलेला, कडेला अक्षरं-आकडे छापलेला पट (जी५ म्हणजे जी अक्षराच्या उभ्या पट्टीतलं पाचवं घर). मांडताना उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर हवं. पहिल्या दहा खेळ्यांचा कागद पटाच्या पिशवीत आहे.

न्यूयॉर्कमधल्या एका स्पर्धेतल्या या डावात पांढरी मोहरी डोनाल्ड बर्नची. १९५३ ची यूएस ओपन स्पर्धा त्याने जिंकलेली होती. काळी मोहरी तेरा वर्षांच्या, पुढे जगज्जेता झालेल्या बॉबी फिशरची.

अकराव्या खेळीला बर्नने उंट दुसऱ्यांदा हलवून जी५ वर नेला. तिथेच घोटाळा झाला. त्याचा राजा अजून ई१ वर, मधोमध. दुसरा उंट ई२ वर आणून किल्लेकोटाची, म्हणजे राजाला कोपऱ्याकडे सुरक्षित नेण्याची, तयारी करायला हवी होती. फिशरने लगेच घोडा ए४ वर टाकला. तो फुकट दिसतो. पण सी३ च्या घोड्याने तो मारला, तर काळ्याचा दुसरा घोडा ई४ चं प्यादं खातो आणि तिथून सी५ चा वजीर व जी५ चा उंट, दोघांवर एकदम येतो. बर्नने तो मारला नाही, वजीर ए३ वर नेला. तरी पुढच्या मारामारीत ई४ चं प्यादं गेलं, ते खाणारा काळा घोडा सी३ वर येऊन बसला, ई-पट्टी उघडली आणि काळ्या हत्तीच्या शहाने राजाला एफ१ वर जावं लागलं. एच१ चा हत्ती बराच वेळ कोपऱ्यात अडकून पडला.

आई, तू विचारलंस ना, वजीर कुणी देतं का? आता बघ. सतराव्या खेळीला काळ्याचा वजीर बी६ वर आहे आणि पांढऱ्या उंटाच्या माऱ्यात आहे. फिशरने तो हलवलाच नाही. जी४ चा उंट ई६ वर आणला आणि वजीर जाऊ दिला.

बर्नने वजीर घेतला. काळ्या उंटाने सी४ चा उंट मारून शह दिला, राजा जी१ वर. घोड्याचा ई२ वरून शह, राजा परत एफ१ वर. आता घोडा डी४ चं प्यादं खातो आणि तो हलताच मागच्या उंटाचा शह उघडतो. राजा पुन्हा जी१, घोडा पुन्हा ई२, राजा एफ१, घोडा सी३, पुन्हा शह. बुद्धिबळात याला पवनचक्की म्हणतात.

बाबा, इथे घाई करू नका. सगळं मर्म त्या डी४ च्या प्याद्यात आहे. वजीर घेऊन बी६ वर आलेला पांढरा उंट ए७ च्या प्याद्याने आधीच मारला असता, तर पांढऱ्या वजिराने सी३ चा घोडा खाल्ला असता, कारण तेव्हा त्याला जोर, म्हणजे राखणारं मोहरं, नव्हता. डी४ रिकामं झाल्यावर जी७ च्या काळ्या उंटाचा तिरपा मार्ग खुला झाला आणि तोच घोडा, त्याच घरावर, जोरात आला. मग कुठे प्याद्याने उंट मारला. त्याने ए८ चा हत्तीही पांढऱ्या वजिरावर आला, म्हणजे तो हलणं भाग. पाठोपाठ डी१ चा हत्ती गेला.

हिशोब मांडा: वजिराचे नऊ आणि एका प्याद्याचा एक, असे दहा गुण गेले. मिळाले दोन उंट (तीन-तीन गुण), एक हत्ती (पाच), एक प्यादं, म्हणजे बारा. पुढे ए२ आणि एफ२ ची प्यादीही आली. धाडस कमी, गणितच जास्त.

बर्नने वजीर न घेता ई६ चा उंट मारला असता, तर बी५ वरून वजिराचा शह, ई२ वर घोड्याचा, मग जी३ वर दुहेरी शह. त्यानंतर वजीर एफ१ वर फुकट द्यायचा. हत्तीने तो खाल्ला की घोडा ई२ वर मात देतो, आपल्याच मोहऱ्यांत कोंडलेल्या राजाला. ही वाट नातीला नक्की दाखवा, तिला फार आवडेल.

शेवटी ४१ व्या खेळीला सी२ वर हत्तीची मात झाली. पांढरा वजीर तेव्हा बी८ वर, काही करता न येण्याजोगा. बर्नने राजीनामा न देता मुलाला मात करू दिली, हा त्याचा मोठेपणा मला फार भावतो. त्या स्पर्धेत फिशर वरच्या क्रमांकात आला नव्हता, हेही तिला सांगा.

शिकवताना प्रत्येक खेळीआधी तिला तीनच प्रश्न विचारा, याच क्रमाने: शह कुठले आहेत, काय मारता येतं, समोरच्याची धमकी काय? मुलं दुसऱ्यापासून सुरुवात करतात आणि शह बघायचा राहतो. पवनचक्की चालू असताना तिचा हात बी६ च्या उंटाकडे जाईल. जाऊ द्या, आणि मग पांढऱ्या वजिराने तुम्ही तिचा घोडा खा.

तुमचा,
धाकटा